पडद्याची चुणी

१

आक्काचं म्हणणं कुणी मानलं नाही. ऐकून सगळ्यांनी घेतलं. ऐकायला कुणाच्या बापाचं काय जातं? पण मानलं कुणीच नाही. सख्ख्या भावाने नाही, डॉक्टरने नाही, पोलीस ठाण्यातल्या साहेबाने तर नाहीच. बाई चौथी शिकलेली, आवाज टिपेचा, तोंड फटकळ. अशा बाईने खरं सांगितलं तरी लोकांना ते भांडणच वाटतं.

आक्काची धाकटी बहीण भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात मेली. ओट्याच्या दगडी कडेवर डोकं आपटलं. फरशी ओली होती, पाय सरकला, असं डॉक्टरने लिहूनही टाकलं. आक्काने बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन केसांतलं रक्त धुतलं होतं. मागची कवटी हाताला पिचलेल्या अंड्यासारखी लागत होती. बोट घातलं असतं तर आत गेलं असतं. एकदा आपटून पितळेची वाटीसुद्धा इतकी चेपत नाही.

आणि उजव्या खांद्यावर वळ होते. बोटांचे. काळेनिळे, शेजारी शेजारी. मानेकडचा पहिला वळ जरा आखूड, बाकीचे लांब. कुणीतरी मागून धरलं होतं आणि धरून आपटलं होतं. पुन्हा पुन्हा.

"पडताना लागतं असं," डॉक्टर म्हणाला.

"पडताना खांद्याला बोटं फुटतात का हो?"

साहेब म्हणाला, "बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"मला दुःख नंतर होईल. आत्ता राग आलाय. तो समजा आधी."

राग टेलरवर होता. टेलर म्हणजे धाकटीचा नवरा. रस्त्याकडच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक जाड तपकिरी पडदा. म्हणे, घटकाभर दोरा आणायला गेलो होतो. मग घरात दुसरं होतं कोण? त्यांची आठ वर्षांची चिमी. ती मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात सापडली, तोंडात स्वतःची मूठ कोंबलेली. त्या दिवसापासून पोरीची वाचा बसली.

मरायच्या आदल्या दिवशी धाकटीचा फोन आला होता. "आक्का, येऊन जा ना. बोलायचंय. फोनवर नको." आक्का म्हणाली, उद्या दुकान सुटलं की येते. नवऱ्याचीच तक्रार असणार, दुसरं काय सांगायचं असतं बाईला? दुसऱ्या दिवशी आली तेव्हा दारात माणसं जमली होती.

धाकटी तर हातची गेली. पण तिची पोर त्या घरात राहू द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट आक्काने मनाशी घट्ट बांधली.

२

आक्का फोटो छापायच्या दुकानात कामाला होती. फोटो मशीनमधून बाहेर पडले की कापायचे, वर प्लास्टिक चढवायचं, फ्रेमा ठोकायच्या. हातात कायम एक पोलादी पट्टी. वर्षानुवर्षं सुरी घासून घासून पट्टीची एक कड अशी झिजली होती की तिनेही कागद कापला जावा. मालक म्हणायचे, "आक्का, ती पट्टी लांब ठेवून बोला माझ्याशी."

कॉम्प्युटरवर आक्काचा मुलगा बसायचा. सोन्या. शाळेत दुसरं नाव होतं, पण ते शाळेतच राहिलं. कामाला लागला त्याच महिन्यात कागद कापायच्या कटरखाली त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं. मालक त्याला 'साडेनऊ' म्हणायचे. "ए साडेनऊ, दहाचं गिऱ्हाईक येऊन बसलंय!" सोन्यासुद्धा हसायचा. गोड पोरगा. कधीमधी डोकं फिरायचं, मग बशी भिंतीवर फुटायची, दाराला लाथ बसायची. बापावर गेलाय, आक्का म्हणायची आणि काचा गोळा करायची.

दुकानात रोजचं एकच रडगाणं. गिऱ्हाईक फोन दाखवून भांडायचं, "इथे माझी साडी डाळिंबी आहे. तुम्ही विटकरी केलीत!"

सोन्या न कंटाळता समजावायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम होते. एक नुसता फोटो बघायचा, एक छपाईचा. एकच फोटो दोन्हींत उघडून तो शेजारी शेजारी दाखवायचा. एकीकडे साडी डाळिंबी, एकीकडे विटकरी.

"फोटो आपलं माप सोबत घेऊन येतो, मावशी. लाल म्हणजे नेमका कुठला लाल, ते त्याच्या आत लिहिलेलं असतं. छपाईचा प्रोग्रॅम माप विचारून कापड कापतो, आमच्या टेलरकाकांसारखा. हा दुसरा माप बघतच नाही, अंदाजाने कातरी चालवतो. वर तुमच्या फोनला भडक रंगांची हौस. तेव्हा भांडण झालं तर छपाईवाल्याचं खरं धरायचं."

"म्हणजे माझी साडी विटकरी?"

"साडी विटकरी. डाळिंबी तुमची हौस," मालक गल्ल्यावरून म्हणायचे, आणि गिऱ्हाईक हसून पैसे द्यायचं.

अशाच एका सकाळी टेलर दुकानात आला. दाढी वाढलेली, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. घरातून निघताना काढायची विसरला असावा.

"आक्का, मोठा फोटो करून हवा होता. भिंतीवर लावायला."

"मारायची आणि मग भिंतीवर टांगायची," आक्का म्हणाली. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

टेलरने मान खाली घातली. सोन्या उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही जा. मी करतो. मागे तुमच्याकडे येऊन मीच काढला होता ना तो फोटो, आहे माझ्याकडे."

फोटो त्याच खोलीतला होता. मागे तपकिरी पडदा. पडद्यापुढे खुर्चीवर धाकटी, पायाशी स्टुलावर चिमी, खुर्चीच्या शेजारी टेलर. सोन्याने फोटो आधी बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडला. धाकटी हसत होती. मग त्याने छपाईचा उघडला. सगळे रंग एक पायरी खाली उतरले, रोजच्यासारखे. पडदा तपकिरीचा शेवाळी झाला.

पडद्याची एक चुणी तेवढी शेवाळी झाली नाही. धाकटीच्या उजव्या खांद्यामागची. ती तांबडी झाली.

"हे काय रे?"

"काय?"

"ती चुणी. सगळा पडदा शेवाळी, ती एकटीच तांबडी कशी?"

सोन्याने मान पुढे काढून पाहिलं. मग म्हणाला, "ह्या प्रोग्रॅमचं सेटिंग बिघडलंय, आई. बघायच्यात बरोबर दिसतंय. तेच खरं."

आणि त्याने फोटो बंद केला. आक्का कापायच्या टेबलाकडे गेली. काहीतरी उलटं झाल्यासारखं तिला वाटलं. काय, ते हाताला लागेना.

३

दुसऱ्या दिवशी सोन्या बँकेत गेला होता. आक्काला कॉम्प्युटर येत नव्हता, पण कुठल्या चित्रावर टिचकी मारली की काय उघडतं एवढं रोज बघून पाठ झालं होतं. तिने फोटो छपाईच्या प्रोग्रॅममध्ये उघडला.

ती चुणी नव्हतीच. तो हात होता.

पडद्याच्या दोन चुण्यांच्या मधून मनगटापर्यंत बाहेर आलेला. धाकटीच्या खांद्यावर ठेवलेला. बोटं पुढे पदराच्या घडीत गेलेली, म्हणून दिसत नव्हती. रंग कातडीचा नव्हता. सोललेल्या मांसाचा असतो तसा.

आक्का पाणी प्यायली. मग हिशेबाला बसली. फोटोतल्या टेलरचे दोन्ही हात दिसत होते. एक खुर्चीच्या पाठीवर, एक चिमीच्या हातात. माणसाला हात असतात दोन. मग हा कुणाचा? पडद्यामागे कुणी उभं असेल तर पडदा फुगेल. पडदा सरळ लोंबत होता. खाली फरशीवर पाय नव्हते.

तिने बघायचा प्रोग्रॅम उघडला. हात गेला. पडदा, चुणी, हसरी धाकटी. परत छपाईचा. हात आला. तिने तीन-चारदा करून पाहिलं. आणि कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, तिला दिसलं की मनगट मघापेक्षा जास्त बाहेर आहे.

"मालक! इकडे या आधी!"

मालक चहाचा कप घेऊन आले. तेवढ्यात सोन्याही बँकेतून आला. "आई, कशाला हात लावलास?" असं म्हणत त्याने खुर्ची ओढली, काहीतरी भराभर दाबलं, आणि मालक वाकून बघेपर्यंत दोन्ही प्रोग्रॅममध्ये पडदा एकसारखा तपकिरी झाला होता.

"कुठे आहे हात?" मालक म्हणाले.

"आत्ता होता."

"आक्का, चार दिवस सुट्टी घ्या. पगार नाही कापत."

"मला खुळी ठरवू नका मालक. टेलरचं पाप आहे ते. वर आलंय."

"रंग असेच फसवतात, आई," सोन्या शांतपणे म्हणाला. "मी फोटोतलं माप काढून टाकलं. आता नाही दिसणार."

"काढून टाकलंस? रोज गिऱ्हाइकाला सांगतोस, माप बघतो तोच खरा म्हणून."

सोन्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. बशी फुटायच्या आधी उडायची तशी. मग तो हसला. "तू जेवली नाहीस अजून. डबा उघड."

आक्काने डबा उघडला नाही. पट्टी घेतली आणि दुकानाबाहेर पडली.

४

टेलर मशीनवर कुणाची तरी बाही उसवत होता. चिमी टेबलाखाली, पाठ भिंतीला चिकटवून बसली होती.

"पोरीला घेऊन चालले."

"बसा तरी आक्का."

"बसायला आले नाही. माझ्या बहिणीच्या खांद्यावर कुणाची बोटं होती ते सांग. नाहीतर वाजवीन."

"मला माहीत असतं तर मी इथे बाह्या उसवत बसलो असतो का?"

एवढं बोलायला नको होतं त्याने. आक्काचा हात वर गेला आणि पट्टी त्याच्या तोंडावर बसली. गाल उभा फाटला. आत दात दिसले. दुसरी कानावर, तिसरी मानेवर. उसवलेली पांढरी बाही बघता बघता भिजली. टेलर खुर्चीसकट मागे पडला, पण त्याने हात उचलला नाही. मारणाऱ्याचा हात आपसूक उचलला जातो, हे आक्काला त्या वेळी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. तिने खाली वाकून चिमीला दंडाला धरून ओढलं. पोर टेबलाच्या पायाला मगरीसारखी मिठी मारून बसली होती.

गल्ली गोळा झाली. टेलर उठला, गाल हाताने दाबून धरत चिमीला सोडवायला तिच्या मागून वाकला. आणि जी पोर इतके दिवस एक अक्षर बोलली नव्हती, ती किंचाळली. तसं किंचाळणं आक्काने कधी ऐकलं नव्हतं. गुरं कापतात तिथेही नाही.

एका बाईने छाती धरली. "बापाला बघून पोर कशी ओरडते!"

बस. तेवढंच हवं होतं. जी गल्ली आक्काला डोकं फिरलेली म्हणत होती, तिला एका क्षणात सगळं पटलं. कुणीतरी टेलरच्या कमरेत लाथ घातली. कुणी मशीनचं चाक उपसलं. दोघांनी त्याला फरफटत उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तिथे त्याच्या बोटांवर बुटांनी नाचले. ज्या बोटांनी त्यांचे कपडे शिवले होते, त्यांच्यावर. कटकट असा आवाज आला, कोरडा.

साहेब येईपर्यंत टेलरच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. जीपमध्ये टाकताना त्याने आक्काकडे पाहिलं. फाटक्या गालातून हवा जात होती, तरी एकेक शब्द जुळवून बोलला.

"न्या तिला. पण आक्का... तिच्या मागे उभं राहू देऊ नका. कुणालाच. ती मागून कुणी आलं की अशी ओरडते. मलाच बघून नाही."

"बाई," साहेब म्हणाला, "तुमचं बरोबर होतं. आम्ही चुकलो."

आक्का या वाक्यासाठी किती तळमळली होती. आता मिळालं, तर तोंडात माती गेल्यासारखं झालं.

५

आक्काचं घर म्हणजे दोन खोल्या. चिमीने आल्या आल्या सगळीकडे नजर फिरवली आणि कोपरा धरला. पाठ भिंतीला. जेवतानाही पाठ भिंतीला. आक्का केस विंचरायला मागे बसू लागली तर पोर गर्रकन वळून समोर यायची. शेवटी समोरूनच वेडीवाकडी वेणी घातली.

सोन्या घरी आला तो रंगीत खडूंची पेटी घेऊन. "चिमे, दादाने काय आणलंय बघ!"

चिमीच्या पायाखाली ओलं झालं.

"पुरुषाची भीती बसलीय," आक्का म्हणाली आणि फडकं आणायला उठली. "बापाने वाट लावली पोरीची."

"होईल नीट," सोन्या म्हणाला. खाली बसून त्याने खडू एकेक करून फरशीवर मांडले. पोर त्याच्या हाताकडे बघत होती. तोंडाकडे एकदाही नाही.

सकाळी चिमीला आत ठेवून, बाहेरून कडी घालून आक्का कामावर गेली. शेजारणीला सांगून ठेवलं, कुणाला घरात सोडू नको. कुणाला म्हणजे गल्लीतल्या चोंबड्या बायकांना, असं तिच्या मनात होतं.

दुकानात आज तिचा मान वाढला होता. मालकांनी स्वतः चहा दिला. "आक्का, डोळे आहेत तुम्हाला. आम्ही मेले आंधळे."

"ऑर्डर आहे टेलरची. तो फोटो कापायचाय," आक्का म्हणाली.

"आता कोण नेणार तो?"

"मी नेणार. बहीण आहे माझी."

सोन्या म्हणाला, "जेवून आल्यावर छापतो," आणि डबा असूनही घरी जेवायला निघाला. "चिमीला पण भरवतो."

तो गेला. आक्काने खुर्ची ओढली. कालच्या फोटोतलं माप त्याने काढलं होतं, पण कॅमेऱ्यातून उतरवलेला मूळ फोटो जुन्या जागी तसाच होता. हे दुकान कधी काही पुसत नसे. मालकांचा नियमच होता, गिऱ्हाईक वर्षाने परत येतं. तिने मूळ फोटो छपाईच्या प्रोग्रॅममध्ये उघडला.

पडदा शेवाळी झाला. धाकटीच्या खांद्यावर काही नव्हतं. पदर नुसता चुरगळलेला.

सुटले, असं आक्काला वाटलं. टेलर आत गेला आणि हात गेला. मग तिची नजर खाली स्टुलाकडे गेली.

हात चिमीच्या खांद्यावर होता. पडद्यातून कोपरापर्यंत बाहेर, लांब, जितका हात लांब नसतो तितका. पोरीच्या फ्रॉकवर पदर नव्हता, घडी नव्हती. त्यामुळे बोटं स्वच्छ दिसत होती. मानेकडचं पहिलं बोट आखूड होतं. टोक नव्हतं त्याला.

आक्काला एकदम पुष्कळ गोष्टी आठवल्या आणि तिने एकेक करून त्या बाहेर ढकलायचा प्रयत्न केला. आखूड वळ. वळ पुसटही असू शकतो. फोन आला, बोलायचंय, फोनवर नको. नवऱ्याबद्दल असेल, सोन्याबद्दल कशाला असेल? धाकटी गेली त्या दुपारी सोन्या जेवायला कुठे होता? रोज इथेच जेवतो. त्या दिवशी? त्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी आणायला... आणि हा फोटो त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय सोन्या तर कॅमेऱ्यामागे होता. समोर, चार हात दूर, दोन्ही हातांनी कॅमेरा धरून. फोटो काढणाऱ्याचा हात फोटोत येईल कसा? नाही येत. येऊच शकत नाही. ती स्वतःला हे समजावत होती, अगदी त्याच्याच शांत आवाजात, गिऱ्हाइकाला समजावतात तसं.

तिच्या डोळ्यांदेखत पहिलं बोट हललं. उचललं गेलं आणि पोरीच्या गळ्यावर टेकलं.

"मालक, मी आले," असं ती म्हणाली की नाही ते तिलाही आठवत नाही. पट्टी मात्र हातात होती.

६

दाराची कडी निघालेली होती. शेजारीण पायरीवर धान्य निवडत बसली होती. "अहो, पळता काय? सोन्याच आहे आत. फोटो काढतोय बहिणीचा."

घरात रखरखीत उजेड होता. खिडकी सताड उघडी, लपायला जागा नाही, पडदा नाही. चिमी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या मागे खुंट्या, खुंट्यांवर घरातले रोजचे कपडे. सोन्या तिच्यासमोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसला होता. दोन्ही हातांत फोन. आक्काने ते दोन हात नीट पाहिले. दोन्ही तिथेच होते, हे ती कुणापुढेही शपथेवर सांगेल.

"हस ना गं," तो म्हणत होता. किती गोड आवाजात! "दादाकडे बघून हस. काही सांगायचं नाही म्हटलं की नाही मी? हस मग."

पोरीचा चेहरा जांभळा झाला होता. जीभ दातांबाहेर आली होती. टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

खुंटीवरच्या कपड्यांमधून, सोन्याच्याच सदऱ्याच्या बाहीतून, काहीतरी तांबडं पोरीच्या गळ्याभोवती होतं.

आक्काने ते नीट पाहिलं नाही. नीट पाहिलं असतं तर पुढचं तिच्या हातून झालं नसतं. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. पोरीच्या गळ्याकडे धावायचं, नाहीतर समोरच्याकडे. सगळं शहाणपण सांगत होतं गळ्याकडे. तिने मुलाच्या उजव्या मनगटावर पट्टी घातली. झिजलेल्या कडेने.

पहिल्या घावात फोन उडाला. दुसऱ्यात पट्टी हाडात रुतली आणि तिला पाय देऊन उपटावी लागली. सोन्या "आई!" म्हणाला. लहानपणी पडला की म्हणायचा अगदी तसं. तिने तिसरा घातला. रक्त छतापर्यंत उडालं, तिच्या तोंडात गेलं, खारट आणि गरम. तो डाव्या हाताने तिचे केस ओढत होता, तिचं डोकं भिंतीवर आपटत होता, एकदा, दोनदा, पुन्हा. त्या आपटण्यात एक सवय होती. धाकटीला शेवटी काय काय ऐकू आलं असेल ते आक्काला त्या वेळी कळलं. चौथ्या घावाला हात मनगटापासून लोंबला.

आणि पाठीमागे पोर धपकन खाली पडली आणि खोकू लागली. खोकतेय म्हणजे जिवंत आहे.

खुंटीवर सदरा हलत होता. खिडकीतून वारा आला असेल. बाहीत काही नव्हतं. बाही आतून ओली होती.

शेजारीण किंचाळत सुटली. दारात तोंडं जमली. सोन्या मनगट पोटाशी धरून भिंतीला टेकला होता, पांढराफटक. रडत रडत सगळ्यांना सांगत होता, "मी नुसता फोटो काढत होतो. माझे दोन्ही हात इथे होते. विचारा हिला. विचारा!"

खरं होतं ते. आक्काने फरशीवरचा फोन उचलला. काच तडकली होती, पण शेवटचा फोटो उघडाच होता. भिंत, कपडे, चिमी. गळ्याशी सदऱ्याची एक चुणी. बाकी काही नाही. फोनवर दिसणारच नव्हतं.

साहेब आला तेव्हा चिमी रांगत आक्कापाशी आली होती. समोर नाही बसली. वळली, आणि रक्ताने भिजलेल्या आक्काच्या पोटाला आपली पाठ टेकवून बसली. आक्काने तिच्याभोवती हात घातले. पोर ओरडली नाही.

"बाई, स्वतःच्या पोराला?" साहेब म्हणाला. "टेलर तर आमच्याकडे आहे. आज सकाळी तुमचाच जबाब लिहून घ्यायचा होता. सगळी गल्ली सही द्यायला तयार आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात, आता सगळ्यांना पटलंय. आणि तुम्ही हे काय करून बसलात?"

"धक्का बसलाय तिला," दारातून कुणीतरी म्हणालं. "टेलरने घर धुळीला मिळवलं."

"टेलरचंच नाव आहे ना?" साहेबाने खाली वाकून विचारलं. "बहिणीला मारलं कुणी? एकदा सगळ्यांसमोर सांगा."

सगळे मान डोलवत होते. तिच्या तोंडून काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. एवढी माणसं आक्काचं मानायला एका वेळी कधी तयार झाली नव्हती, आणि पुढेही होणार नव्हती.

भिंतीपाशी बसलेला मुलगा तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. कपाळावरची शीर उडत होती.

आक्काने चिमीला आणखी घट्ट पोटाशी ओढलं.

"सोन्या," ती म्हणाली.